दारावर आलेली पुस्तकं

मागच्या अंकात विचारलं होतं, जगणं-मरणं या विषयावरची ती प्रेरणादायी म्हणतात ती पुस्तकं वाचून तुम्हाला खरंच काय वाटलं? लोकांनी इतकं खरं लिहिलं की अर्धी पत्रं छापायची माझी हिंमत नाही. चार घेतोय.

प्रश्न: नाना जाऊन चार महिने झाले. दारावर बसायला आलेल्यांपैकी तिघांनी पुस्तकं दिली, त्यात एकच पुस्तक दोनदा. त्यात दुःखाच्या पाच पायऱ्या आहेत, आधी विश्वासच न बसणं, मग राग, मग देवाशी सौदा, मग खचणं आणि शेवटी स्वीकार. मला राग आलाच नाही. दहाव्यालाही रडू आलं नाही, आणि परवा वांगी भाजताना एकदम आलं, कारण आमच्याकडे भरीत ठेचायचं काम नानांचं, दुसऱ्या कोणाला ते हात लावू द्यायचे नाहीत. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये. चुकलेत पुस्तक वाटणारे. या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंच्या, १९६९ सालच्या. त्या शिकागोच्या दवाखान्यात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटजवळ बसून बोलायच्या, बाकीचे डॉक्टर तो विषय टाळायचे त्या काळात. म्हणजे बघा, पायऱ्या होत्या जाणाऱ्याच्या मनाच्या. मागे राहिलेल्यांवर त्या नंतर चिकटल्या, आणि मग छापणाऱ्यांनी त्याचा तक्ताच करून टाकला. बाईंचं शेवटचं पुस्तक त्या गेल्यावर २००५ मध्ये आलं, त्यात सरळ लिहिलंय की या पायऱ्यांचा लोकांनी चुकीचा अर्थ काढला, दुःख असं चौकटीत बसवायला त्या नव्हत्याच. तेव्हा तुम्ही नापास वगैरे काही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नानांच्या नावाची पहिली घागर भराल तेव्हा परत रडू येईल, किंवा नाही येणार.

माझं सांगतो. आई गेली तेव्हा अकराव्याच दिवशी एका नातेवाइकाने असंच पुस्तक हातात ठेवलं, मी ते कोठीच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवलं आणि दोन वर्षं कोठी अजिबात हलली नाही. नंतर रंग द्यायला कोठी सरकवली तेव्हा काढून वाचलं. त्यातला एकही सुविचार आज आठवत नाही, पण लेखकाला शेवटी शेवटी शर्टाची बटणं लावता येईनात आणि तो कोणाला सांगेना, एवढं मात्र आठवतं. कारण आईने शेवटच्या आठवड्यात मला नखं काप म्हटलं होतं, आणि मी म्हटलं होतं उद्या कापतो. अशी पुस्तकं कामाची असतात ती अशा एखाद्या पानासाठी, बाकी उपदेश तर शेजारचे काकाही फुकट करतात.

प्रश्न: वय ७३, रेल्वेतून रिटायर. मला ही पुस्तकं आवडतात, भीती कमी होते. पण सूनबाई ती लपवून ठेवते आणि मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, पप्पा निगेटिव्ह नका वाचत जाऊ.
– एक आजोबा, भुसावळ

उत्तर: आजोबा, लपवलेलं पुस्तक सूनबाई स्वतः वाचत असेल, एकदा चेक करा. आणि मुलाला अतुल गावंडे यांचं 'बीइंग मॉर्टल' पाठवून द्या. गावंडे अमेरिकेतले सर्जन, त्यांचे वडील आत्माराम हे विदर्भातल्या उटी गावचे आणि तेही सर्जनच. वडिलांच्या मणक्यात गाठ निघाली तेव्हा घरात एवढी डॉक्टरकी असूनही मुलाला वडिलांना विचारायला जड गेलं की तुम्हाला भीती कशाची वाटते, आणि पुढे काय झालेलं तुम्हाला अजिबात चालणार नाही. शेवटी विचारलं, आणि पुढचे निर्णय त्या उत्तरांवर झाले. तुमचा मुलगा फोनवर नुसतं जेवण झालं का विचारतो ना? मग तुम्हीच काढा विषय, व्हेंटिलेटर पाहिजे की नको ते सांगून टाका, ओरडेल थोडा, ओरडू द्या.

प्रश्न: 'आजचा दिवस शेवटचा समजून जगा' हे वाचून मी तीन दिवस एमपीएससीचा अभ्यासच केला नाही. पुस्तक बरोबर की मी?
– एक विद्यार्थी, धुळे

उत्तर: दोघंही नाही. रावेर-यावलकडे केळी लावली की घड हातात यायला वर्ष तरी जातं. आजचा दिवस शेवटचा धरून कोणी रोप लावलं असतं का? अभ्यासाला बस रे बाबा.

प्रश्न: मैत्रिणीचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला. गंधमुक्तीला जाताना तिला कोणतं पुस्तक नेऊ?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: कोणतंच नको. काहीजण म्हणतील बहिणाबाई न्या, आपल्या आसोद्याच्या, जगणं-मरणं एका श्वासात सांगून गेल्या. खरंय. पण त्या माउलीला अक्षरओळख नव्हती, ऐन तारुण्यात विधवापण आलेलं, जात्यावर आणि शेतात ती स्वतःशी गायची, घरच्यांनी ते लिहून घेतलं म्हणून ती गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं. कोणाचं सांत्वन करायला रचलेलं ते नाहीच, आणि आपण मात्र ते निधनाच्या पत्रिकेवर छापतो.

गंधमुक्तीला तसंही घर भरलेलं असतं, तुम्ही कोण आलात तेही तिच्या लक्षात राहणार नाही. तिसऱ्या महिन्यात जा, तेव्हा कोणी येत नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा न्या, मुलाचं नाव घेऊन बोला, बाकीचे ते नाव घ्यायचं टाळत असतील. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर तिच्यासोबत मेथी निवडत बसा. वर्षभराने तिने स्वतःहून मागितलंच पुस्तक, तर खुशाल द्या, फक्त पहिल्या पानावर सुविचार लिहू नका.