रजेवर गेलेल्या सहकाऱ्याने एसव्हीएनमधली (फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या सर्व्हरवर जपणारी प्रणाली) फाइल लॉक करून ठेवली आहे, लॉक तोडावं का? आणि सर्व्हरवर सरसकट ७७७ (म्हणजे सगळ्यांना वाचा-लिहा-चालवा) परमिशन दिली तर चालेल का?

७७७चं आधी उरकतो: अजिबात नको. तुमच्याकडे सगळे आपापल्या लॉगिनने एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) येत असणार, त्यामुळे रिपॉझिटरीतल्या (सर्व्हरवरच्या साठ्यातल्या) फाइली कमिट करणाऱ्याच्या (तिथे बदल जमा करणाऱ्याच्या) मालकीच्या होतात आणि पुढच्याला 'परमिशन डिनाइड' येतं. सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घाला, फोल्डरांवर सेटजीआयडी लावा (नव्या फाइलीही त्याच ग्रुपच्या होतात), यूमास्क ००२ ठेवा (ग्रुपला त्यात लिहिता येतं). त्याहून बरं म्हणजे समोर अपाचे किंवा एसव्हीएनसर्व्ह (सगळ्यांच्या वतीने रिपॉझिटरी हाताळणारे सर्व्हर प्रोग्रॅम) बसवा, रिपॉझिटरी एकाच युजरच्या नावावर ठेवा आणि कुणी काय वाचायचं-लिहायचं ते ऑथ्झ नावाच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये ठरवा. ७७७ दिलं की शेल (सर्व्हरवर थेट कमांड द्यायची सोय) असलेला कुणीही रिपॉझिटरीचा सगळा डेटा असलेला डीबी फोल्डर उडवू शकतो, आणि एसव्हीएनच्या लॉगमध्ये त्याची नोंदही सापडणार नाही.

आता लॉक. मी प्रेस टूलच्या एका कारखान्यात होतो, रिपॉझिटरी माझ्याकडे. ड्रॉइंगच्या सगळ्या फाइलींना नीड्स-लॉक लावलेलं, म्हणजे लॉक घेईपर्यंत फाइल रीड-ओन्ली. आमच्या डिझाइनर काकांनी एका डायची ड्रॉइंग लॉक केली आणि काम लॅपटॉपवर घेऊन गणपतीला कोकणात गेले. तिकडे रेंज नाही. इकडे गिऱ्हाईक पेटलं. मॅनेजर साहेबांनी एका पोराकडून टॉर्टॉइजमधून (एसव्हीएन वापरायचा विंडोजवरचा प्रोग्रॅम) 'ब्रेक लॉक' मारून घेतलं, त्याने भोकांची मापं बदलली आणि कमिट केलं. काका परत आले, अपडेट न करता कमिट करायला गेले तर 'आउट ऑफ डेट', म्हणजे तुमची प्रत जुनी झाली. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग) फाइल मर्ज होत नाही, म्हणजे दोघांचे बदल आपोआप एकत्र होत नाहीत. दोन्ही प्रिंट टेबलावर शेजारी शेजारी मांडून, लाल पेनाने माप अन् माप ताडून बघत बसलो.

साहेबांचा निष्कर्ष काय? "लॉकचाच त्रास आहे, काढून टाका." अहो, काकांनी लॉक घेताना कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं होतं: 'पंच क्लिअरन्स बदलतोय, चतुर्दशीनंतर टाकतो, घाई असल्यास घरच्या लँडलाइनवर फोन करा', पुढे नंबर. फाइलच्या यूआरएलवर एसव्हीएन इन्फो ही कमांड मारली की लॉक कुणाचं, कधीपासूनचं आणि का, सगळं समोर येतं. कुणी बघितलंच नाही. दारावरची चिठ्ठी न वाचता कुलूप फोडायचं आणि वर कुलूपवाल्यालाच नावं ठेवायची! साहेब, हे वाचत असाल तर माझं मत अजून तेच आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो: आधी कॉमेंट वाचा, मग फोन करा, आणि तोडायचंच ठरलं तर ते एकाच माणसाने तोडावं. त्याने मूळ मालकाला मेल टाकावी, नाहीतर त्या बिचाऱ्याला एसव्हीएन स्टेटस -यू ही कमांड मारल्यावर फाइलीपुढे 'बी' (ब्रोकन, लॉक तुटलं) दिसेल तेव्हाच कळणार. हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. रिपॉझिटरीच्या हुक्स फोल्डरमध्ये प्री-लॉक आणि प्री-अनलॉकचे (लॉक घेण्याआधी आणि काढण्याआधी सर्व्हर आपोआप चालवतो त्या स्क्रिप्टचे) नमुने असतात, दुसऱ्याचं लॉक तोडणं-चोरणं अडवायची सोय त्यात लिहिलेलीच असते. नावामागचं टीएमपीएलचं शेपूट काढा आणि एक्झिक्युट परमिशन द्या. दोन्ही लावा, कारण लॉक तोडता येतं तसं चोरताही (स्वतःच्या नावावर घेताही) येतं. मग अडीअडचणीला सर्व्हरवरून एसव्हीएनॲडमिन आरएमलॉक्स ही लॉक काढायची कमांड, तेही ॲडमिननेच.

हे सगळं ड्रॉइंग, एक्सेल, फोटोशॉप असल्या फाइलींपुरतं. सोर्स कोडला लॉक लावणाऱ्यांशी माझं पटत नाही, तिथे मर्ज करायला शिका. आणि नीड्स-लॉकवर फार विसंबू नका. रीड-ओन्लीची खूण काढून कुणीही फाइल बदलू शकतो, आणि त्या वेळी दुसऱ्या कुणाचं लॉक नसेल तर सर्व्हर ती मुकाट घेतो.