जॉन ग्रिशम यांनी वकिली सोडली म्हणून ते लेखक झाले का?

आपण विचारले आहे की, अमेरिकन कादंबरीकार ग्रिशम यांच्याप्रमाणे वकिली सोडून पूर्णवेळ लेखन करावे का. या प्रश्नाचे गृहीतकच चुकीचे आहे. ग्रिशम यांनी लिहिण्यासाठी वकिली सोडली नाही. लेखनाचा पैसा हाती आल्यावर सोडली.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील साउथहेवन येथे ते आठवड्याला साठ-सत्तर तास वकिली करीत होते आणि १९८३ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडूनही आले होते. १९८४ मध्ये डिसोटो काउंटीच्या न्यायालयात बलात्काराला बळी पडलेल्या बारा वर्षांच्या मुलीची साक्ष त्यांनी ऐकली आणि तिच्या बापाने आरोपींना ठार मारले असते तर पुढे काय झाले असते, हा विचार त्यांना सोडेना. पहाटे पाचला उठून, कामावर जाण्यापूर्वी लिहीत त्यांनी १९८७ मध्ये ‘अ टाइम टु किल’ ही पहिली कादंबरी पूर्ण केली. अनेक प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर ५,००० प्रती निघाल्या, त्यांपैकी १,००० त्यांनी स्वतः विकत घेतल्या आणि हिंडून खपवल्या. ‘द फर्म’ ही दुसरी कादंबरी मात्र त्यांनी पहिली संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू केली होती. तिचे चित्रपटाचे हक्क पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने सहा लाख डॉलरना घेतले, तेव्हा ती पुस्तकरूपाने आलेलीही नव्हती. १९९१ साली ती आली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत ४७ आठवडे राहिली.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. मी एका तालुका न्यायालयात सतरा वर्षे वकिली करतो. ज्युनिअर असताना आमच्याकडे एका म्हातारीचा मुलाविरुद्ध पोटगीचा अर्ज होता. उलटतपासणीत तिला विचारले गेले, ‘मुलगा तुम्हाला जेवायला देत होता की नाही?’ उत्तर देण्याऐवजी ती समोर बसलेल्या मुलाकडे वळली आणि म्हणाली, ‘तू सकाळपासून काही खाल्लंस का रे?’ त्या रात्री मी लेजर पेपरवर आठ पाने लिहिली. दुसऱ्या दिवशी ती चुकून लेखी युक्तिवादाच्या फाइलमध्ये गेली. माझ्या सीनिअरांनी ती बार रूममध्ये सर्वांसमोर मोठ्याने वाचली आणि म्हणाले, ‘आले आमचे ग्रिशम! अरे, ज्याची वकिली चालली नाही तो कादंबऱ्या लिहीत बसला.’ सगळे हसले. मी ती पाने घरी नेऊन फाडली आणि त्यानंतर नऊ वर्षे कथेची एक ओळही लिहिली नाही.

त्या दिवशी मला उत्तर ठाऊक नव्हते, ते आज देतो. १९९६ साली, जगभर नाव आणि अमाप पैसा मिळाल्यानंतर, ग्रिशम पुन्हा न्यायालयात उभे राहिले. रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये चिरडून मेलेल्या एका कामगाराच्या कुटुंबाला वकिली सोडण्यापूर्वी दिलेला शब्द त्यांना पाळायचा होता. ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, त्या कुटुंबाला ६,८३,५०० डॉलरची भरपाई दिली आणि तो त्यांच्या संपूर्ण वकिलीतला सर्वांत मोठा निकाल ठरला. ज्याची वकिली चालत नाही, त्याच्याकडून असा निकाल येत नाही. लिहिणारा वकील कामात कच्चा असतो, हे मत धादांत खोटे आहे; आपल्यालाही ते कोणी ऐकवले तर हा खटला त्याच्यापुढे ठेवा.

तेव्हा वकिली सोडू नका, पहाटेचे दोन तास काढा. अर्थात ग्रिशम यांना ज्यूरीसमोर चालणारे खटले लाभले. आपल्याकडे ज्यूरी नाही आणि एका दिवाणी दाव्यात दोन पिढ्या सरतात, त्यामुळे त्यांच्या कथानकाची गती इथे उसनी आणता येणार नाही. शिवाय अशिलाने विश्वासाने सांगितलेले काहीही कागदावर येता कामा नये. ग्रिशम त्या मुलीच्या खटल्यात वकील नव्हते, आणि त्यांनी लिहिले ते जे घडले नाही त्याविषयी. माझ्या आठ पानांत म्हातारीचे खरे नाव होते, गाव होते, जमिनीचा गट क्रमांकसुद्धा होता. तेवढ्यापुरता सीनिअरांचा राग रास्त होता, हे मला मान्य केले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी मी ती कथा पुन्हा लिहायला घेतली. नाव, गाव, तालुका, खटल्याचे स्वरूप, सगळे बदलले आहे. तिने मुलाला भर न्यायालयात विचारलेला प्रश्न तेवढा तसाच ठेवला आहे.