पुण्यात महिन्याचा किराणा कुठून भरावा, डीमार्ट, मार्केट यार्ड की कोपऱ्यावरचं दुकान?

एकच जागा निवडायची असेल तर माझं मत मार्केट यार्डच्या भुसार बाजाराला, पण घरात चार-पाच खाणारी माणसं असतील तरच. घरचा किराणा मीच भरतो, त्यामुळे तिन्हीकडची बिलं समोर असतात आणि तांदूळ, गहू, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे हे एकदम जास्त घेतलं की यार्डात बरंच स्वस्त पडतं, शिवाय माल हातात घेऊन बघता येतो. साबण, पेस्ट, बिस्किटं असला पॅकबंद माल मात्र डीमार्टलाच घ्या, तिथे एमआरपीपेक्षा कमी लावतात (फक्त रविवारी संध्याकाळी जाऊ नका राव, बिलिंगची रांग संपता संपत नाही). आणि भाव बघताना पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतात तेही छापलेलं असतं ते वाचा, मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही. दोघंच असाल तर यार्डाचा नाद सोडा, रिक्षाभाड्यातच बचत जाते आणि पावसाळ्यात डाळीला किडे होतात ते वेगळंच, त्यापेक्षा कोपऱ्यावरचा वाणी बरा, पाव किलो रवासुद्धा घरी पाठवतो.