ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील कोणता अभिनेता पुढे यशस्वी दिग्दर्शक झाला?

माझ्या मते डेक्स्टर फ्लेचर यांचे नाव आधी घ्यायला हवे. १९७६ च्या ‘बग्झी मलोन’मध्ये बालकलाकार म्हणून दिसलेले फ्लेचर १९८९ ते १९९३ या काळात ‘प्रेस गँग’ या मालिकेमुळे ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचले. किशोरवयीन मुले चालवत असलेल्या वृत्तपत्राची ही गोष्ट असून, तीत या अस्सल लंडनकराने स्पाइक थॉमसन हा अमेरिकन मुलगा रंगवला होता.

दिग्दर्शनाकडे ते चाळिशी उलटल्यावर वळले. ‘वाइल्ड बिल’ (२०११) या पहिल्याच चित्रपटात, आठ वर्षांनी तुरुंगातून सुटलेला बाप पूर्व लंडनमधील घरी येतो, तेव्हा आईविना एकटीच राहणारी दोन मुले त्याला परक्यासारखे वागवतात. हे नाते त्यांनी भावविवशता टाळून ज्या संयमाने उलगडले आहे, त्यामुळे मला हीच त्यांची सर्वोत्तम कृती वाटते. पुढे ‘एडी द ईगल’ (२०१६) आला. मूळ दिग्दर्शक ब्रायन सिंगर यांना काढून टाकल्यावर ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट फ्लेचर यांनीच पूर्ण केला, परंतु श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून सिंगर यांचेच नाव राहिले. गायक एल्टन जॉन यांच्या जीवनावरील ‘रॉकेटमन’ने (२०१९) मात्र फ्लेचर यांना स्वतःच्या नावावर मोठे यश मिळवून दिले.