जर्मनीत इंटरनॅशनल बिझनेस: सात वर्षांचा अनुभव कुठे चालतो, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलची बीई, 62 टक्के, चाकणला ऑटो पार्ट्सच्या निर्यात विभागात 7 वर्षे, वय 31. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते असं ऐकलंय, तर अनुभवाच्या जोरावर इंटरनॅशनल बिझनेसच्या मास्टर्सला प्रवेश मिळेल का?

बिनफीच्या कोर्सला बहुधा नाही. तिथे मास्टर्स दोन प्रकारचे असतात. ‘कॉन्सेक्युटिव्ह’ म्हणजे पदवीचाच पुढचा टप्पा. तो बीबीए, बीकॉमवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून आखलेला असतो. व्यवसाय-अर्थशास्त्राच्या विषयांत ठरावीक ईसीटीएस क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं युरोपीय माप) हवेत अशी अट असते, कुठे 30, कुठे 60. एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास. बीईच्या मार्कशीटवर इंडस्ट्रियल मॅनेजमेंटसारखे एकदोन पेपर निघतात, त्यात ही अट भागत नाही. तुम्ही शेकड्याने शिपिंग बिलं आणि एलसी (बँकेची पतपत्रं) हाताळली असतील, पण ती या बेरजेत येत नाहीत.

दुसरी अडचण गुणांची. परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला वापरलं जाणारं बव्हेरियन सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान पास गुणांनी भागा, तीनने गुणा, एक मिळवा. पासिंग 40 धरलं तर 38 भागिले 60, गुणिले 3, अधिक 1, म्हणजे 2.9. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला आणि बऱ्याच कोर्सची मर्यादा 2.5 असते. आपल्याकडचा फर्स्ट क्लास तिथे असा बाहेर पडतो.

दुसरा प्रकार ‘वायटरबिल्डेंड’, म्हणजे नोकरदारांसाठीचा मास्टर्स किंवा एमबीए. याला पदवीनंतर साधारण किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच, त्यामुळे तुमची 7 वर्षं इथे कामी येतात. पण याला फी असते आणि ती हजारो युरोंत जाते. खासगी संस्था निवडलीत तर अनाबिन या डेटाबेसमध्ये तिच्यापुढे ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त संस्था) आहे का ते आधी बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका. सरकारी विद्यापीठातही बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून दर सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, तेव्हा ‘जर्मनी फुकट’ हे सरसकट खरं नाही.

आता वयाचा मुद्दा, जो एजंट सहसा सांगत नाहीत. विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरातला सरकारी आरोग्य विमा तिशीपर्यंतच असतो. 31 व्या वर्षी थेट भारतातून गेल्यावर बहुधा खासगी विमा घ्यावा लागतो. तिथे स्वस्तातला ‘प्रवासी’ प्रकारचा विमा घेतला की निवास परवान्याच्या वेळी फाइल अडकते. पॉलिसी परवान्यासाठी चालते का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणारं खातं) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 सुटतात. म्युनिकमध्ये खोलीचं भाडंच त्यातला मोठा भाग खातं. कामाची मुभा वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. पुण्याच्या कंपनीचं काम तिथून लॅपटॉपवर चालू ठेवू, असा विचार असेल तर तेही याच मर्यादेत येतं, वर कराचा गुंता वेगळा.

कागदांचा क्रम चुकवू नका. आधी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट आणि प्रत्येक व्यवस्थापन-अर्थशास्त्र विषयाच्या अभ्यासक्रमाची शिक्क्याची पानं काढा. त्यावर तासांची नोंद हवी, नुसत्या विषयाच्या नावावर क्रेडिट मिळत नाहीत. मग एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला. त्याची फी 18,000 रुपये आणि त्यात काही आठवडे जातात. मग युनि-असिस्ट, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था: पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. हिवाळी सत्राची मुदत अनेक ठिकाणी 15 जुलै असली तरी इंग्रजी कोर्सची बऱ्याचदा त्याआधीच संपते, आणि एखादं पान कमी निघालं तर ते मागवण्यात महिना जातो.

मोटिव्हेशन लेटरमध्ये (हा कोर्स का हवा, हे सांगणारं पत्र) ‘ग्लोबल एक्स्पोजर’ लिहू नका. 7 वर्षांनी परत विद्यार्थी का, याचं उत्तर कामातून द्या. उदाहरणार्थ, कंटेनरच्या मालाला सवयीने एफओबी (माल जहाजावर चढल्यावर जोखीम खरेदीदाराकडे जाते) लावलं जातं, जिथे एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम जाते) योग्य असतं; त्यामुळे माल यार्डात दिल्यापासून जहाजावर चढेपर्यंतची जोखीम निर्यातदाराच्या गळ्यात राहते. असा एक नेमका प्रश्न आणि तो सोडवणारा त्या कोर्समधला एक नेमका विषय, एवढं पुरे. व्हिसा अधिकारीही हेच बघतो. 1 जुलै 2025 पासून नकाराविरुद्धचा साधा फेरविचार अर्ज बंद झालाय. आता नवा अर्ज किंवा थेट न्यायालय.

फक्त इनकोटर्म्स (एफओबी, एफसीएसारख्या व्यापाराच्या ठरलेल्या अटी), एलसी आणि कस्टम्स पक्कं करायचं असेल तर जर्मनी महाग पडेल. आयआयएफटी या परकीय व्यापार शिकवणाऱ्या भारतीय संस्थेचे नोकरदारांसाठीचे कोर्स आहेत, नोकरीही टिकते. जायचंच असेल तर जर्मन भाषेची बी1 (मध्यम) पातळी इथूनच करून जा. कोर्स इंग्रजीत असला तरी मध्यम आकाराच्या जर्मन कंपनीत वेर्कस्टुडंटच्या (शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी) कामाची मुलाखत बहुधा जर्मनमध्येच होते, आणि तिथली खरेदी कशी चालते हे वर्गापेक्षा त्या कामातच जास्त कळतं.