कोरोनानंतर बंद झालेली गावातली पुण्याची एस.टी. परत सुरू करता येते का, की आता ट्रॅव्हल्सच धरायची?

करता येते. पण आधी ट्रॅव्हल्सबद्दल बोलते, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आमच्या घरात कितीतरी वेळा भांडून झालेला आहे.

आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात, बीड-लातूरच्या सीमेवर. हायवेच्या फाट्यापासून बरंच आत. संध्याकाळी पुण्याची गाडी गावातूनच सुटायची. सकाळी पुण्याहून आलेली तीच गाडी दिवसभर पारासमोर उभी असायची, आणि ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोप काढायचे. माझी माय शिकलेली नाही. तिला पाटी वाचता येत नाही. तरी ती माझ्याकडं चिंचवडला आणि भावाकडं चाकणला एकटी यायची, कारण तिला कुठली पाटी वाचावीच लागत नव्हती. पारावर उभी असलेली गाडी पुण्याची, एवढं माहीत असलं की झालं. कंडक्टर म्हणायचे, "मावशी, मागं बसू नका, गचके बसतील," आणि स्वतःच्या जवळच्या सीटवर बसवायचे. जेवायला गाडी थांबली की खाली उतरवून परत चढवायचे. शिवाजीनगरला (२०२० पासून वाकडेवाडीला) भाऊ दिसल्याशिवाय हलायचे नाहीत.

ती आली नाही तरी डबा यायचा. येळवस (वेळ अमावास्या, आमच्याकडचा शेतातला सण) झाली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीत भज्जी, उंडे आणि कॅनमध्ये आंबील. पत्र्याचा डबा होता, झाकणावर भावाचं नाव ऑइलपेंटनं लिहिलेलं, वरून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळलेला. तो ड्रायव्हरच्या मागं पत्र्याला टेकवून ठेवायचे, म्हणजे लवंडत नाही. रात्रभर थंडीतून येऊन आंबील सकाळी अगदी बेताची आंबलेली असायची. त्याच डब्यातून परत जाताना औषधं जायची, लेकरांचे फोटो जायचे, एकदा चष्मा गेला.

मार्च २०२० ला सगळंच थांबलं. मग २०२१ च्या दिवाळीत संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलात मिटला. तालुक्याच्या फेऱ्या हळूहळू आल्या, पुण्याची आली नाही. विचारलं तर गाड्या कमी आहेत आणि भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, ही दोन उत्तरं. भारमान कसं पडतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते कोरोनाच्या आधीच पडायला लागलं होतं. आधी संध्याकाळची गाडी दुपारची केली. शेतातून कोण येणार दुपारी? मग आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचीच नाही. गठुडी घेऊन पारावर दोनदा वाट बघून माघारी गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही. मग कागदावर लिहायचं की प्रतिसाद नाही. प्रतिसाद नव्हता म्हणून गाडी बंद झाली असं कुणी सांगितलं तर मला संताप येतो, कारण क्रम उलटा आहे.

आता ट्रॅव्हल्सचं. मायचा मोतीबिंदू पुण्यात काढला, महिनाभर राहिली, आणि परत जायला दुसरं काही नव्हतं म्हणून ट्रॅव्हल्सला बसवलं. खालचं बर्थ सांगून वरचं दिलं. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला शिडी चढायला लावली. बॅग डिकीत, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या खाली. सकाळी सहाला फाट्यावर उतरवतो असं ड्रायव्हरनं मला तोंडावर सांगितलं होतं. पहाटे तीनला उतरवलं, आणि तेही फाट्यावर नाही. नवीन बायपास झालाय, गाडी फाट्याला येतच नाही, म्हणून पुलाच्या टोकाला. क्लीनरनं बॅग खाली टाकली आणि गाडी गेली. मायला मोबाइलवर हिरवं बटण तेवढं कळतं. तिनं ते दाबलं, मला लागलं. मी चिंचवडला, ती अंधारात हायवेवर, एका डोळ्यावर काळा चष्मा. गावातल्या चुलतभावाला उठवलं, तो मोटारसायकल घेऊन निघाला, तोवर आम्ही दोघी फोनवर. मध्ये एकदा म्हणाली, "कुत्री लई हायेत गं इथं. तू झोप, तुला सकाळी कामावर जायचंय."

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे दाजी म्हणाले, "आली ना घरी? एसीत झोपून आली. तोट्यातली गाडी सरकारनं कुणाच्या जिवावर चालवायची?" तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात हाच विषय निघतो. दाजी मोठे आहेत, मानाचे आहेत, पण या एका बाबतीत ते साफ चुकतात.

पहिली गोष्ट, एस.टी. म्हणजे नफ्याचं दुकान असं कायद्यात कुठंच नाही. महामंडळ ज्या १९५० च्या कायद्याखाली आहे, त्याच्या कलम २२ मध्ये व्यापारी तत्त्वावर कारभार करा असं म्हटलंय, हे दाजींना पाठ आहे. त्याच कायद्याचं कलम १८ त्यांनी वाचलेलं नाही. त्यात पुरेशी, परवडणारी, एकमेकांना जोडलेली सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य सांगितलंय. कर्तव्य आधी येतं, हिशेब नंतर. दुसरं, तोट्याचं म्हणाल तर एस.टी.च्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारच घेतं. सवलती सरकार जाहीर करतं आणि त्याचे पैसे महामंडळाला सरकारकडून यायची वाट बघावी लागते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यभर फुकट प्रवास आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे माझ्या मायला पुण्याला यायला एक रुपयाही लागत नाही. फक्त गाडी नाही. सवलत कागदावर आणि भाडं ट्रॅव्हल्सला, तेही दिवाळीत त्यांच्या मनाला येईल ते. खासगी गाडीनं एस.टी.च्या दीडपटीच्या वर भाडं घेऊ नये असा सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून लातूरचं तिकीट काढून बघा, कोण पाळतं ते कळेल.

तिसरी गोष्ट मी दाजींना दर वेळी सांगते आणि ते दर वेळी विषय बदलतात. ट्रॅव्हल्सचा परवाना कंत्राटी असतो. ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी माणसं न्यायची, वाटेत चढ-उतार करायची नाही. म्हणजे आमच्या फाट्यावर थांबणं ही त्यांची जबाबदारीच नाही. मग ती एस.टी.ची जागा कशी घेणार? आणि ज्यांना डॉक्टरला दाखवायला, लेकीच्या बाळंतपणाला, कोर्टाच्या तारखेला एकटं जायचंय, त्यांनी रात्री तीनला फाट्यावर कुणाला बोलवायचं? रेल्वेचं नाव घेऊ नका. बीडला रेल्वे यायला २०२५ उजाडलं. उलट सरकारी मोटार ही आमच्याकडं जुनी गोष्ट आहे. पुणे-नगर एस.टी. १ जून १९४८ ला सुटली, हैदराबाद संस्थानात सरकारी बस १९३२ पासून धावत होती, २७ गाड्यांवर सुरू झालेली. आजोबांच्या काळात जे मिळत होतं ते आता परवडत नाही, हे मला पटत नाही.

तुमचा मूळ प्रश्न. ग्रामसभेचा ठराव करा, तो आगार व्यवस्थापकांना आणि विभाग नियंत्रकांना द्या, आमदारांचं पत्र सोबत असलं तर बरं. त्याआधी माहिती अधिकारात त्या फेरीचं शेवटच्या दोन वर्षांचं भारमान आणि प्रति किलोमीटर उत्पन्न मागा, आणि कितीदा फेरी रद्द झाली तेही मागा. आगारात फेरीनिहाय नोंद असते. रद्द फेऱ्यांचा आकडा हातात आला की "प्रतिसाद नाही" हे उत्तर टिकत नाही. रस्ता खड्ड्यांचा असेल तर आधी तो करून घ्या, नाहीतर तेच कारण पुढं करतील. आषाढीला गावातून ४० जण जमले तर पंढरपूरला थेट गावातून गाडी देतात, ती एकदा घ्याच. गाडी गावापर्यंत येऊ शकते याचा तो पुरावा होतो.

थोडं दुसऱ्या बाजूनंही सांगायला हवं. प्रत्येक गावातून पुण्याला थेट गाडी मिळणार नाही, हे मलाही कळतं. रात्री गावातच थांबणारी मुक्कामी गाडी सुरू झाली आणि सकाळी तालुक्याला पुण्याच्या गाडीला मिळाली, तरी खूप झालं. तुम्हीही आधी तेवढंच मागा. संपाचा दोष मी कंडक्टर-ड्रायव्हरांना देत नाही, त्या पगारात त्यांनी कसे दिवस काढले ते गावानं पाहिलंय. आणि जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्याला ट्रॅव्हल्स सोयीची आहे, मीही लातूरहून बसले आहे.

ठरावाला नुसत्या सह्या जोडू नका, यादी जोडा. कोण पुण्याला जातं, कशासाठी जातं, महिन्यातून किती वेळा, हे नावानिशी लिहा. मोटारसायकलवाली पोरं पटापट सह्या करतात आणि गाडीत बसत नाहीत. म्हातारी माणसं, बायका, कॉलेजची लेकरं यांची नावं आधी घ्या. आमच्या गावाची यादी मीच फोनवरून लिहून काढली. त्यात माझ्या ताईचं नाव आहे. दाजींकडं चारचाकी आहे, पण ती दाजींच्या हातात, त्यामुळं ताई माहेरी कधी येणार हे त्यांच्या सुट्टीवर ठरतं. गाडी होती तेव्हा ती मनात आलं की निघायची. तिनं नाव स्वतः सांगितलं, कारणाच्या रकान्यात "मायला भेटायला" असं लिहायला लावलं. यादी आगारात दिली आहे, शिक्क्याची पोच घेतली आहे, आणि दर पंधरा दिवसांनी चुलतभाऊ जाऊन विचारतो. तुम्हीही पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.