‘लेट’ म्हणजे परवानगी नव्हे

‘लीज डीडमध्ये (भाडेपट्ट्याच्या करारात) “विदाउट लेट ऑर हिंडरन्स” आलंय, “परवानगी व अडथळ्याशिवाय” लिहू का?’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. नका लिहू. मी लिहिलं होतं.

माझं प्रकरण दुकानाच्या गाळ्याचं. मराठीत वाक्य झालं, ‘भाडेकरूने मालकाच्या परवानगीशिवाय गाळ्याचा उपभोग घ्यावा.’ मालकाच्या वकिलाने त्याभोवती लाल शाईने गोल केला. वाईट याचं वाटतं, की शंका मला आधीच आली होती. ज्या कचेरीने भाषांतराचं काम दिलं, तिथे दोनदा फोन केला. उत्तर काय, तर ‘लेट म्हणजे करू देणे, शाळेतलं इंग्रजी आहे, वेळ घालवू नका.’ आणि नंतर बिलातले निम्मे पैसे कापले, तेही त्यांनीच!

खरं म्हणजे ही दोन क्रियापदं आहेत. जुन्या इंग्रजीत ‘लेतान’ म्हणजे करू देणे, सोडणे. भाड्याच्या पाटीवरचं ‘टू लेट’ त्यातलंच. दुसरं ‘लेत्तान’, म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. उच्चार घासून एकसारखे झाले आणि एकाच शब्दाला उलटसुलट अर्थ चिकटले. शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट भुतामागे निघतो तेव्हा मित्र त्याला धरतात. तो म्हणतो, मला जो ‘लेट’ करेल त्याचंच भूत करीन. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे योग्य चौकोनात पडली की ‘लेट’ देतात, तोही हाच अडथळा. गंमत म्हणजे हे दुसरं क्रियापद उशिराच्या ‘लेट’वरूनच आलंय. म्हणजे आपण ‘गाडीने लेट केलं’ म्हणतो ते नकळत मुळाशी धरूनच आहे.

मराठीत मी आता ‘हरकत-अडथळ्याविना’ लिहितो. दोन्ही शब्दांना वेगळा अर्थ शोधत बसू नका. आपल्या ‘कागदपत्र’, ‘बाजारहाट’सारखी ती जोडी आहे. मी वकील नाही, मसुदा वकिलाला दाखवाच.

पासपोर्ट असेल तर उघडा. राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीत हेच इंग्रजी शब्द आहेत आणि तिथल्याच हिंदी मजकुरात चक्क ‘बिना रोक-टोक’ छापलंय. मी फोन करत होतो तेव्हा माझा पासपोर्ट कपाटातच होता.

आणि हो, निम्मे पैसे आगाऊ घ्या.